दीड वीत

बेगम बाजारातल्या आमच्या जुन्या घराची कमान एका बैलाच्या छकड्यासाठी बांधलेली आहे. दुसरे निजाम, निजाम अली खान, यांच्या पत्नी हमदा बेगम यांनी इथली जमीन व्यापाऱ्यांना दिली, म्हणून हा बेगम बाजार. जमीन मिळाल्यावर व्यापाऱ्यांनी विचार केला तो एवढाच, की माल आत कसा येईल आणि बाहेर कसा जाईल. माल येणार बैलाच्या मानेवर नाहीतर हमालाच्या पाठीवर. गोसावी सावकारांच्या कोठ्या काय आणि मारवाड्यांच्या पेढ्या काय, सगळ्यांच्या कमानी त्याच हिशेबाच्या. आमच्या पणजोबांनी भांड्यांचं दुकान मांडलं ते अशाच एका घरात. खाली तांबं-पितळ, वर बिऱ्हाड, मागे फरसबंद चौक.

त्या चौकात आमची 1957ची काळी फियाट उभी आहे. कमानीतून ती आत-बाहेर करते तेव्हा दोन्ही अंगांना अर्ध्या वितीहून जरा जास्त जागा राहते. पुतण्यानं घेतलेली टाटाची विजेवरची नेक्सॉन मात्र त्याच कमानीत चार बोटांनी अडते, म्हणून ती गोशामहालच्या बाजूला भाड्याच्या जागेत लावावी लागते. मापं सांगायची तर फियाटची लांबी पावणेचार मीटरच्या किंचित वर, नेक्सॉनची चार मीटरला जेमतेम कमी. म्हणजे साठ वर्षांत मोटार लांबीला वाढली एक वीत. रुंदी मात्र एक मीटर शेहेचाळीस सेंटिमीटरची एक मीटर एक्क्याऐंशी झाली. घरातल्या वडीलधाऱ्यांनी जुन्या आणि नव्या गाडीची तुलना पत्र्यावरून केली, आवाजावरून केली, इज्जतीवरूनही केली. मला विचाराल तर सगळा मामला या रुंदीतल्या दीड वितीत आहे.

मोटार घरात येण्याआधीच्या गोष्टी आजीच्या. आमचं कुलदैवत तुळजापूरची भवानी. हैदराबादहून तुळजापूरला जायचं म्हणजे आगगाडीनं आधी वाडी जंक्शन गाठायचं. तिथे निजामाची रेल्वे संपायची, जीआयपी रेल्वेची गाडी पकडून सोलापूर. सोलापूर इंग्रजी मुलखात, तुळजापूर पुन्हा निजामाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात. म्हणजे आपल्याच राज्यातल्या देवीला जायला राज्याबाहेर पडून परत आत यायचं. येताना करोडगिरीवाले, म्हणजे जकातीची माणसं, गाठोडी सोडायला लावायचे. देवीच्या ओटीचं खण-नारळही एकदा उलगडून दाखवावं लागलं, हे आजी सांगायची तेव्हा तिचा आवाज चढायचा. पैसेही दोन तऱ्हेचे बाळगायचे, इकडे निजामाचे हाली, तिकडे इंग्रजांचे कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार हा हिशेब अण्णांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, डोक्यात इतका मुरला होता की हाली चलन बंद झाल्यावरही मोठी रक्कम ऐकली की ते मनातल्या मनात तिला सातानं गुणून सहानं भागत.

त्यांच्या तरुणपणी घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर गौलीगुड्यात मोटारींचं एक नवं जग उभं राहत होतं. निजाम रेल्वेच्या मोटार खात्यानं 1932च्या जूनमध्ये सत्तावीस बसगाड्या आणि एकशे सहासष्ट माणसं घेऊन प्रवासी वाहतूक सुरू केली. गाड्या स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या. सरकारी बसच्या नंबरात आजही झेड अक्षर असतं. शेवटल्या निजामांच्या आई जोहरा बेगम यांच्या नावावरून ते आलं, असं हैदराबादेत प्रत्येक म्हातारा माणूस सांगतो. गौलीगुड्याच्या बसअड्ड्यावरचं ते मोठं गोल छप्पर मुळात विमानांसाठी होतं. जुलै 2018मध्ये ते कोसळलं, त्या दिवशी थोरल्या काकांनी दुपारचं जेवण घेतलं नाही. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला छपराचं एवढं काय, असं घरातल्या मुलांना वाटलं. मला त्यांचं कळलं.

बाकी मोटार म्हटली की बेगम बाजारातल्या जुन्या लोकांची गाडी आधी निजामाकडे वळते. सहावे निजाम महबूब अली खान यांनी 1911मध्ये एक रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट मागवली आणि ती पोचण्याआधीच, ऑगस्टमध्ये, ते वारले. ती पिवळी गाडी आज चौमहल्ला राजवाड्यात काचेआड आहे. आसफजाही घराण्याचा रंग पिवळा, मागचं आसन सिंहासनासारखं उंच, वर घुमटी छत. इतक्या वर्षांत ती साडेतीनशेच्या आसपास मैल चालली, असं सांगतात. काकांना मी तिथे घेऊन गेलो होतो. ते तिच्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "बिचारी कुठे गेलीच नाही."

निजामानं रोल्स-रॉइसला झाडू बांधून शहराचा कचरा काढवला, ही गोष्टही त्यांनीच मला लहानपणी सांगितलेली. ती मी मानत नाही. हीच गोष्ट अलवरच्या राजाबद्दल सांगतात, पतियाळाच्या राजाबद्दल सांगतात. साहेबाच्या दुकानात अपमान झालेला प्रत्येक राजा तिच्यात बसतो. गुलामीतल्या लोकांना अशा गोष्टीची भूक असते, आणि ती भूक मला समजते. पण काकांनी स्वतः पाहिलेलं मला जास्त मोलाचं वाटतं. 1937च्या फेब्रुवारीत ज्यांचं चित्र 'टाइम' साप्ताहिकानं जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून मुखपृष्ठावर छापलं, ते मीर उस्मान अली खान किंग कोठीच्या रस्त्यानं जाताना काकांनी शाळकरी वयात पाहिले. शिट्ट्या वाजल्या, रहदारी थांबली, आणि आली ती एक जुनाट मोटार. आत मळकी शेरवानी, जुनी फेज टोपी. "माझ्या शाळेतल्या मास्तरांची टोपी त्यांच्याहून बरी होती," काका सांगतात, आणि सांगताना आवाज मुद्दाम खाली आणतात, जणू अजून कुणी ऐकेल.

अण्णांची फियाट आली ती स्वतंत्र देशाच्या तंगीच्या दिवसांत. 1953मध्ये सरकारनं धोरण ठरवलं, की देशातच गाडी बनवण्याचा कार्यक्रम असेल त्यानंच धंदा करावा. फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेल्या. उरल्या हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या कंपन्या, त्यांतली एक कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाइल्स. ती 1944मध्ये उभी केली वालचंद हिराचंद यांनी, आणि वालचंद सोलापूरचे. सोलापूरच्या माणसानं काढलेल्या कारखान्यातली गाडी सोलापूरच्या रस्त्यानं देवीला न्यायची, याचा अण्णांना अभिमान होता. इटलीच्या फियाटची 1100 ही गाडी प्रीमियर इथे जोडू लागली होती. 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर, आणि पुढची दारं आजच्या उलट, मागच्या कडेला बिजागरी असलेली. मुंबईचे पाहुणे तिला डुक्कर फियाट म्हणत. आमच्या घरात ते नाव कुणी उच्चारत नसे, कारण गाडी चालवणारे चाचा नमाजी होते. अण्णांनी पहिल्याच दिवशी पोरांना ताकीद दिली होती. आमच्याकडे ती 'काळी'.

काळी आमची म्हणायची, पण राबायची सगळ्या गल्लीसाठी. रात्री-अपरात्री कुणाच्या सुनेला कळा सुरू झाल्या की दार आमचंच वाजायचं आणि चाचा सुलतान बाजारच्या जचगीखान्याकडे गाडी पिटाळायचे. समोरच्या मारवाडी घरातली दोन मुलं, मागच्या लोध कुटुंबातली एक मुलगी, शिवाय माझे धाकटे काका, एवढ्यांना तिनं वेळेवर पोचवलं. लग्नात नवरदेव तिच्यात, कुणी वारलं तर लांबचे नातेवाईक आणायला तीच. भाडं कुणी विचारलं नाही, कुणी दिलं नाही. दिवाळीला मिठाईची ताटं मात्र इतकी यायची की आजी ती पुढे वाटून टाकायची. एका गल्लीत एकच गाडी असली की ती कुणा एकाची राहूच शकत नाही. या बाबतीत तंगीनं आम्हाला जे दिलं ते मुबलकतेला देता आलेलं नाही, असं मी पूर्ण विचारानं म्हणतो.

आता तुळजापूरचा रस्ता. नामपल्ली, पटणचेरू, सदाशिवपेठ, जहीराबाद, हुमनाबाद, उमरगा, नळदुर्ग, आणि तिथून उजवीकडे वळून तुळजापूर. 1956च्या नोव्हेंबरपर्यंत हा सगळा रस्ता एकाच हैदराबाद राज्यातला. काळी आली तेव्हा तोच रस्ता तीन राज्यांचा झालेला, आंध्र, म्हैसूर आणि मुंबई. आज तेलंगण, कर्नाटक, महाराष्ट्र. रेल्वेनं जाताना दोन सीमा ओलांडणारी आजी मोटारीनंही दोन सीमा ओलांडू लागली.

निघायच्या आदल्या रात्री चाचा बॉनेटखाली डोकं घालून बसत. प्लग काढून घासायचे, रेडिएटर भरायचा, पुढच्या बंपरला पाण्याची छागल टांगायची. पहाटे चोक ओढून गाडी सुरू होईना तर हँडल. हुमनाबादपर्यंत इंजिन तापायचंच. मग चाचा गाडी झाडाखाली घेत आणि म्हणत, "अन्ना साब, जरा दम लेन दो इस को." त्या दमाच्या वेळात घरचे सगळे माणिकनगरला माणिकप्रभूंच्या समाधीचं दर्शन घेऊन येत. चाचाही दाराशी जाऊन हात जोडून येत. नळदुर्गाला, पाऊसकाळ असला तर, किल्ल्यातल्या पाणी महालावरून बोरी नदीचं पाणी कोसळताना बघायचं. संध्याकाळी तुळजापूर. तीनशे किलोमीटरच्या आतलं अंतर, आणि पुरा एक दिवस.

या सगळ्या सुखाच्या गोष्टी. एक वेगळी आहे.

परतीच्या प्रवासात, रात्री, उमरग्याच्या पुढे, कडब्यानं भरलेली एक बैलगाडी रस्त्याच्या मधोमध चालली होती. खाली कंदील नव्हता. चाचांनी शेवटच्या क्षणी गाडी वळवली आणि ती लिंबाच्या झाडावर गेली. वेग फार नसणार. घरात ही गोष्ट अशी सांगतात: झाडाची साल निघाली, काळीला मडगार्डावर एक पोचा आला, बंपर वाकला, बस्स. पुतळीबावलीच्या उस्तादनं हातोडीनं दोन दिवसांत गाडी सरळ केली. "पत्रा असा होता," थोरले काका अजून सांगतात आणि काळीच्या बॉनेटवर मुठीनं ठोकतात. "ऐक आवाज. आता पुतण्याच्या गाडीवर ठोक. पापड आहे पापड."

ही गोष्ट मी आजीच्या तोंडून कधी ऐकली नाही. आजी मागच्या सीटवर बसली होती. ती पुढच्या सीटच्या पाठीवर आदळली आणि तिचा उजवा खांदा उतरला. तो बसवला, पण हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही. मी पाहिली तेव्हापासून आजीची वेणी आत्याच घालून द्यायची, आणि वरच्या फळीवरचा डबा काढायला ती आम्हा मुलांना हाक मारायची. हा सगळा तपशील आमच्या घरात फियाटच्या मजबुतीच्या गोष्टीत येत नाही. तो वेगळा, आजीच्या दुखण्याच्या गोष्टीत येतो. दोन्ही एकाच रात्रीच्या आहेत, हे कळायला मला बरंच मोठं व्हावं लागलं.

त्यात त्या गाडीचा दोष नव्हता. त्या काळात आपल्या देशातल्या रस्त्यावर धावणाऱ्या साध्या गाड्यांत पट्टे नसतच. पुढच्या सीटला पट्टे बसवणं कारखान्यांना बंधनकारक झालं ते 1994मध्ये. पण जाड पत्र्याचं कौतुक ऐकताना एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. धडकेचा जोर कुठेतरी जातो. पत्रा दुमडला नाही तर तो जोर आतल्या माणसांत उतरतो. नव्या गाड्यांचं नाक मुद्दाम असं करतात की ते चुरगळावं, आणि चुरगळताना धडकेचा जोर खाऊन टाकावा. माणसं बसतात तो पिंजरा मात्र कडक पोलादाचा. दारांच्या पोटात आडव्या पट्ट्या, कडेच्या धडकेपासून वाचवायला. दार जाड झालं, बसणारा आणि पत्रा यांच्यात अंतर वाढलं, बाजूबाजूला बसणाऱ्यांचे खांदे एकमेकांपासून सुटे झाले. गाडी रुंद झाली. ती दीड वीत काही सगळीच सुरक्षेची नाही, ऐसपैस बसण्याची हौसही तिच्यात आहे. पण मोठा वाटा सुरक्षेचाच. काका ज्याला पापड म्हणतात त्या नेक्सॉनच्या पेट्रोल-डिझेल भावंडाला डिसेंबर 2018मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत प्रौढांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले, आणि असे पाच तारे मिळवणारी ती भारतात बनलेली पहिली गाडी होती.

लांबी फारशी का वाढली नाही, याचं उत्तर दिल्लीच्या अंदाजपत्रकात आहे. 2006मध्ये छोट्या गाड्यांवरचं अबकारी शुल्क चोवीस टक्क्यांवरून सोळावर आलं, आणि छोटी गाडी म्हणजे चार मीटरच्या आतली, छोट्या इंजिनाची, असं ठरलं. तेव्हापासून आपल्या गाड्या चार मीटरच्या अलीकडे येऊन थांबतात. लांबीला कर आडवा आला. रुंदीला कुणीच आडवं आलं नाही, फक्त बेगम बाजारच्या कमानी आल्या. मधल्या काळात, 14 डिसेंबर 1983ला जी मारुती 800 रस्त्यावर आली, ती तर काळीहूनही अरुंद होती. ती आमच्या गल्लीत घरोघरी शिरली, आणि गल्लीची एक गाडी असण्याचे दिवस तिथेच संपले.

गेल्या नवरात्रात आम्ही नेक्सॉननं तुळजापूरला गेलो. पुतण्या चालवत होता, काका पुढे, मी आणि काकू मागे, सगळ्यांना पट्टे. पट्टा लावायला काकूंनी कुरकुर केली, तेव्हा काकांनीच त्यांना दटावलं, आणि क्षणभर थांबून म्हणाले, "आईला हा असायला हवा होता." एवढ्या वर्षांत ते पहिल्यांदा बोलले. मी काही विचारलं नाही.

बाहेर ऊन, आत गारवा, आवाज म्हणून नाही. पूर्वी गाडी चढाला लागली की पोटातून कळायचं, आता पडद्यावरच्या टक्क्यांवरून कळतं. कंपनीच्या कागदावर ही गाडी तीनशे बारा किलोमीटर जाते. भरलेली गाडी आणि चालू एसी असेल तर तेवढी जात नाही, म्हणून हुमनाबादला चार्जिंगला लावली. तासभर थांबणं आलं. काका खाली उतरले, इकडे-तिकडे पाहिलं आणि म्हणाले, "हिलाही इथेच दम लागतो होय!" मग आम्ही माणिकनगरला जाऊन आलो. दुपारचं जेवण नळदुर्गात झालं आणि चहाच्या वेळेच्या आत भवानीच्या पायरीवर होतो.

परत आल्यावर पुतण्यानं आम्हाला उतरवलं ते बाजाराच्या तोंडाशी. आत जायची सोयच नव्हती. हळदीची पोती, प्लास्टिकच्या बादल्यांचे डोंगर, मसाल्यांच्या बंड्या, टेम्पो, आणि प्रत्येक दुकानासमोर आडव्या लावलेल्या रुंद गाड्या. काकू गुडघ्यांनी अधू आहेत. जी गाडी त्यांना तीनशे किलोमीटर एकही धक्का न देता घेऊन आली, तिनं शेवटच्या तीनशे पावलांना त्यांना हमालांच्या गर्दीत पायी सोडलं. काळी असती तर चौकापर्यंत आली असती.

मला यावर एक म्हणायचं आहे आणि ते मी बाजारच्या व्यापाऱ्यांनाही सांगत असतो. गाड्या पुन्हा अरुंद होणार नाहीत, आणि होऊ नयेत. आजीचा खांदा मी विसरू शकत नाही. पण म्हणून या कमानी पाडायच्या आणि गल्ल्या रुंद करायच्या, ही जी भाषा अधूनमधून ऐकू येते, ती मला मंजूर नाही. बाजार बंडीसाठी, हमालासाठी आणि पायी गिऱ्हाईकासाठी बांधलेला आहे आणि त्यांच्याच जोरावर तो आजही चालतो. मोठ्या गाड्यांनी बाहेर थांबावं, आणि आत म्हाताऱ्यांसाठी, आजाऱ्यांसाठी विजेवरच्या लहान गाड्या फिराव्यात. तेवढी रुंदी इथे आहे.

काळीचं पुढे काय, हा प्रश्न घरात येतोच. 2021च्या जुलैमध्ये केंद्रानं नियम काढला, की पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी घेता येईल, पाटीवर व्हीए अक्षरं येतील. पुतण्याला ते आवडलं होतं. काकांनी नियम वाचून घेतला. अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला, तेल भरायला नेता येते, रोजच्या वापराला नाही. काका म्हणाले, "नुमाईशीत ठेवायची असती तर चौमहल्ल्यात दिली असती. ही देवाला जायची गाडी आहे." मग जुनीच नोंदणी ठेवली. दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते, आणि पुढची आता जवळ आली आहे.

त्यासाठी काळी आरटीओपर्यंत चालवत नेणार कोण, हे ठरायचं आहे. चाचा राहिले नाहीत, काकांचा परवाना संपला, आणि पुतण्यानं आयुष्यात क्लच क्वचितच दाबलेला. म्हणून रविवारी पहाटे, दुकानं उघडायच्या आत, काका शेजारी बसून त्याला शिकवतात. कमानीतून बाहेर काढणं त्याला जमलं आहे. दुसरा गिअर अजून सापडत नाही.